वकट, लेंड, मूंड, नाल

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला जी चार हात मोकळी जागा बांधणाऱ्याच्या नजरेतून सुटली आहे, तिथे मुलांनी किल्ला करायला घेतला होता. ओली माती, विटांचे तुकडे, फाटके गोणपाट, वर पेरायला अळीव, असा सगळा सरंजाम जमला होता. मुख्य बुरुजापासून पायथ्याच्या बाजारपेठेपर्यंत रस्ता किती लांब ठेवायचा यावरून मुलांत वाद पडला. मोजायला जवळ काहीच नव्हते. तिथे पडलेली एक हातभर काठी मी उचलली, वाकलो, आणि काठीपुढे काठी टाकीत मोजू लागलो : "वकट, लेंड, मूंड, नाल…"

तोंडातून शब्द गेले आणि मीच चमकलो. पन्नास-पंचावन्न वर्षांत हे शब्द मी उच्चारले नव्हते. हाताला काठीचा स्पर्श झाला, कमरेत वाक आला, आणि शब्द आपोआप बाहेर पडले. पण नालच्या पुढे गाडी अडली ती अडलीच.

"आजोबा, ही कुठली भाषा?" दहा वर्षांच्या नातवाने विचारले.

"भाषा कसली? विटीदांडूची मोजणी आहे ही."

"विटीदांडू म्हणजे काय?"

मी मुलाकडे, म्हणजे त्या नातवाच्या बापाकडे पाहिले. तो मातीचे मावळे खोक्यातून काढून पुसत बसला होता. तो हसून म्हणाला, "माझ्याकडे काय बघता, बाबा? तुम्ही मला तरी कुठे शिकवलंत?"

बोलला तो गमतीने, पण ते मला लागले. कारण खरेच होते ते. त्याच्या शाळेची फी मी वेळेवर भरली, शिकवण्या लावल्या, सायकल घेऊन दिली. विटीदांडू मात्र शिकवला नाही. मला तरी कुठे कोणी शिकवला होता? तो आपोआप आला होता. मग तो याच्याकडे आपोआप का गेला नाही? या प्रश्नाने दिवाळीचे चार दिवस माझा पिच्छा पुरवला. त्या निमित्ताने जुनी पुस्तके उघडली, काही आठवले, काही नव्याने कळले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

* * *

ज्यांनी विटीदांडू खेळला आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल गाळावा. दांडू म्हणजे हात-सव्वाहात लांबीची काठी. विटी म्हणजे वीतभर लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता केलेला. जमिनीत एक लांबट खळगा करायचा, त्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने ती दूर कोलायची. समोरच्या गड्याने ती वरच्यावर झेलली तर खेळणारा बाद. झेलली नाही, तर जिथे पडली तिथून त्याने ती खळग्यावर ठेवलेल्या दांडूला नेम धरून फेकायची; दांडूला लागली तरी बाद. दोन्ही चुकले की खळग्यापासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. मोजणी सातांची, सात झाले की पुन्हा पहिल्यापासून. विटीशी पोचताना जो आकडा येईल त्यावर पुढचा टोला ठरे : कधी विटी पावलावर ठेवून, कधी मुठीवर, तर कधी मान वर करून चक्क डोळ्यावर ठेवून. या डोळ्याच्या टोल्याला भल्याभल्यांची गाळण उडे.

या मोजणीतले पहिले चार आकडे म्हणजे वकट, लेंड, मूंड, नाल. कुठे लेंडचे रेंड होते, कुठे मूंडचे मुंड. आता तेलुगू आकडे ऐका : एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु, चार म्हणजे नालुगु. ज्या मुलाने उभ्या जन्मात तेलुगू माणूस पाहिला नाही, ते मूल कृष्णाकाठच्या आमच्या गावात, धुळीत वाकून, तेलुगूत मोजीत होते! आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता. आम्हांला ते विटीदांडूचे मंत्र वाटत.

हे आकडे आपल्याकडे यायला वाटा पुष्कळ होत्या. नांदेड, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत मराठी आणि तेलुगू मुलूख एकमेकांना खेटून आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. घरात तेलुगूची एक बोली बोलणारे वडार दगड फोडीत, विहिरी खणीत महाराष्ट्रभर हिंडले. मुंबईच्या कामाठीपुऱ्याला ज्यांचे नाव मिळाले ते कामाठीही तेलुगू मुलखातून आलेले. मोठी माणसे जिथे कामाला जातात तिथे त्यांची मुले बरोबर असतात; आणि दोन मुले एका काठीशी आली की दुभाष्या लागत नाही. राजेरजवाड्यांचे तह कागदावर झाले आणि कागदाबरोबर विरले. मुलांनी मुलांना दिलेले हे चार आकडे टिकले.

कसे टिकले? याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मूल सहाव्या-सातव्या वर्षी खेळात शिरते आणि बारा-तेराव्या वर्षी बाहेर पडते. म्हणजे खेळातली पिढी जेमतेम सहा वर्षांची. आपल्या घराण्यात शंभर वर्षांत चार पिढ्या होतात, तर खेळात सोळा-सतरा. इतक्या हातांतून गेलेली वस्तू एरवी झिजून नाहीशी व्हायची. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने शाळकरी मुलांचे खेळ, गाणी, शपथा आणि चिडवाचिडवी वर्षानुवर्षे गोळा केली; १९५९ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांचाही अनुभव हाच की हा ठेवा मुलाला आईबापांकडून मिळत नाही, तो दुसऱ्या मुलाकडून मिळतो. मोठ्यांचे जग बदलते, राज्ये जातात, पोशाख पालटतो. अंगणातला कायदा मात्र तोच राहतो, कारण नियम मोडणाऱ्याला तिथे दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नाही.

* * *

विटीचे वय किती? महाभारताच्या आदिपर्वात एक गोष्ट आहे. हस्तिनापुराबाहेर राजपुत्र वीटेने खेळत होते. खेळता खेळता वीटा विहिरीत पडली. कौरव-पांडवांची ती सगळी फौज काठावर उभी राहून नुसती आत पाहत राहिली. तेवढ्यात एक सावळा, कृश ब्राह्मण तिथे आला. क्षत्रियांची मुले आणि एवढे जमत नाही म्हणून तो हसला. त्याने गवताची एक काडी मंत्रून खाली टाकली, ती वीटेत रुतली. त्या काडीत दुसरी काडी, दुसरीत तिसरी, अशी काड्यांची साखळी करून त्याने वीटा वर ओढून घेतली. हा ब्राह्मण म्हणजे द्रोणाचार्य. धनुर्विद्येच्या त्या थोर गुरूची राजपुत्रांशी ओळख झाली ती मुलांच्या हरवलेल्या खेळण्यापायी.

पण वीटा म्हणजे नेमके काय? काही विद्वान तिचा अर्थ चेंडू किंवा धातूची गोळी असा करतात. महाभारताचा प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर मात्र सांगतो की वीटा म्हणजे जवाच्या दाण्यासारखा दोन्हीकडे निमुळता, वीतभर लाकडाचा तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवतात. वाचकहो, ही विटी नव्हे तर दुसरे काय? हा नीलकंठ सतराव्या शतकातला. त्याचे वास्तव्य काशीत, पण घराणे गोदावरीकाठच्या कोपरगावचे, म्हणजे आपल्या मराठी मुलखातले. 'भारतभावदीप' नावाची ती जाडजूड टीका लिहिताना आदिपर्वातल्या त्या श्लोकापाशी तो आला, आणि त्या पंडिताला आठवली ती मुलांच्या हातातली विटी. शास्त्रार्थाच्या गंभीर पानांत त्याने तिची मापे लिहून ठेवली : वीतभर आणि हातभर. मी लहानपणी वापरलेल्या विटीदांडूची मापे हीच होती, आणि मी नीलकंठ वाचलेला नव्हता.

* * *

विटीदांडूला निदान दोन गडी लागतात. पण खेळायला कोणी नसेल तर? एकट्या मुलाचे खेळही तितकेच जुने आहेत. १९२०च्या दशकात मोहेंजोदडो आणि हडप्पा इथे उत्खनने सुरू झाली तेव्हा मोठमोठ्या भिंती आणि मुद्रांबरोबर सापडल्या त्या भाजलेल्या मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या, पाखराच्या आकाराच्या शिट्ट्या, गोट्या, आणि दोरी ओढली की मान हलवणारा बैल. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मूल त्या गाडीला दोरी बांधून अंगणभर हिंडले असेल. त्या लोकांची लिपी आपल्याला अजून वाचता आलेली नाही. त्यांच्या मुलांचा खेळ मात्र पाहताक्षणी कळतो.

मातीची गाडी म्हटली की शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आठवल्यावाचून राहत नाही. नाटकाचे नावच मातीच्या गाडीवरून पडले. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला होता. ती गाडी परत गेली, आणि दासीने करून दिलेली मातीची गाडी आता त्याला नको आहे. बाप एकेकाळचा श्रीमंत, आज दरिद्री. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते आणि त्या मातीच्या गाडीत भरते. पुढचे सगळे रामायण त्या दागिन्यांपायी घडते. शूद्रकाला मुलांचे मन किती ठाऊक होते! शेजारच्या मुलाकडची गाडी पाहीपर्यंत मातीच्या गाडीत उणे काहीच नव्हते. खेळणे विकत घेता येते, म्हणूनच त्यात गरीब-श्रीमंत आले. विटी, ठिकरी, सागरगोटे यांना दमडी पडत नाही. तिथे रोहसेनालाही रडावे लागले नसते.

सागरगोट्यांचे नाव आले म्हणून सांगतो. सागरगोटा हे एका काटेरी वेलीचे बी. कोकणात कुंपणाला ही वेल असते. शेंगेलाही काटे, आणि आत राखी रंगाचे, गोटीएवढे, दगडासारखे टणक बी. आत पोकळी असल्यामुळे ते पाण्यावर तरंगते आणि समुद्रप्रवाहाबरोबर दूरदूरच्या किनाऱ्यांना जाऊन लागते. सागरगोटा हे नाव त्याला किती शोभते पाहा. फरशीवर घासले की ते तापते, आणि शेजारी बसलेल्याच्या दंडाला त्याचा चटका देण्यात जो आनंद आहे तो ज्याने चटका दिला त्यालाच कळेल. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे गोटे उचलायचे आणि वरचा झेलायचा : आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन, मग सगळे एकदम. एकटीने खेळा, नाहीतर चौघींनी. पाऊस असो, ऊन असो. माजघराची फरशी पुरे.

हा खेळही पृथ्वीप्रदक्षिणा केलेला आहे. ग्रीक लोक तो मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्याच्या हाडांनी खेळत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरात संगमरवरावर काढलेले एक चित्र मिळाले. त्यात दोन स्त्रिया जमिनीवर बसून हाडकांचा हाच डाव खेळत आहेत. एकीच्या पालथ्या पंजावर झेललेली हाडे आहेत. ब्रूगेल या चित्रकाराने १५६० साली 'मुलांचे खेळ' नावाचे चित्र रंगवले. ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, आणि त्यात सुमारे ऐंशी खेळ मोजता येतात. त्याच्याही खालच्या कोपऱ्यात दोन बायका अशाच हाडकांचा डाव मांडून बसल्या आहेत. माझी आजी व्हिएन्नाला गेली नव्हती. पण ते चित्र दाखवले असते तर तिने डाव कुणावर आहे हे अचूक सांगितले असते.

आमच्या या आजीचे लग्न नवव्या वर्षी झाले. सासरी येताना लुगड्याच्या ओच्यात तिने पाच सागरगोटे आणले होते. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की माजघराच्या कोपऱ्यात ती एकटीच खेळे. गोट्यांचा आवाज होऊ नये म्हणून खाली पदर अंथरून! तिची कथा काही जगावेगळी नव्हे. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्या काळी त्यात कुणाला वावगे वाटत नसे. मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे असे ठरवणारा शारदा कायदा व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. तोवर किती मुलींचे खेळ अर्ध्या डावात मोडले असतील! श्रावणातल्या मंगळागौरीला नव्या सुना रात्रभर जागून फुगड्या, झिम्मा, पिंगा खेळत, त्याकडे मी पूर्वी नुसता सण म्हणून पाहत असे. आता वाटते, मोडलेला डाव वर्षातून एका रात्री पुरा करून घेण्याची ती सवलत होती.

खेळाचा इतिहास सगळाच गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. पळणाऱ्याला हात लावला की राज्य त्याच्यावर, या खेळाला आपण शिवाशिवी म्हणतो. आणि ज्या गावात आम्ही तो खेळत होतो, त्याच गावात शिवाशीव पाळणारी घरे होती. आमच्या आळीत गडी कमी पडले तरी वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना कोणी हाक मारीत नसे. १९५० साली राज्यघटना अमलात आली, तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. आमच्या अंगणापर्यंत ते कलम यायला आणखी बराच वेळ लागला. ती मुले त्यांच्याकडे विटीदांडू खेळतच होती. तेही वकट, लेंड असेच मोजीत. मधे फक्त एक ओढा होता.

* * *

मोठ्यांनी मुलांच्या खेळांकडे लक्षच दिले नाही असे मात्र नाही. आपल्या संतांनी दिले. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, टिपरी, फुगडी यांवर अभंग आहेत. नाथांच्या भारुडांतही हे खेळ येतात. परमार्थ सांगायला त्यांनी खेळ निवडले, कारण खेळाचे नियम सगळ्यांना ठाऊक होते. बाद म्हणजे काय, डाव देणे म्हणजे काय, हे श्रोत्याला समजावून सांगावे लागत नसे. त्यामुळे सतराव्या शतकात देहूच्या आसपास मुले काय खेळत होती हे आज आपल्याला अभंगांतून कळते. आणि वारीच्या रिंगणात पांढऱ्या केसांचे वारकरी फुगड्या घालतात तेव्हा तो उपदेश अजून पायांत जिवंत असलेला दिसतो.

पटावरच्या खेळांचे नशीब आणखी निराळे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळत बसल्याचे शिल्प आहे. ज्याला मुलांचा नाद म्हणून हिणवावे तो खेळ तिथे देवांच्या हाती दिला आहे. सोंगट्यांचा आपला पचिसी इंग्लंडला गेला, आणि १८९६ साली तिथे 'लुडो' या नावाने त्याचे पेटंट झाले. आपला मोक्षपट, ज्याला परंपरेने ज्ञानदेवांचे नाव जोडले जाते, त्यात सद्गुणांच्या शिड्या होत्या, दुर्गुणांचे साप होते, आणि शेवटच्या घरात वैकुंठ होते. तोही १८९०च्या दशकात विलायतेला पोचला आणि पुठ्ठ्यावर छापून सापशिडी म्हणून परत आला. वैकुंठाच्या जागी शंभर हा आकडा आला. मुलांची तक्रार नव्हती. साप गिळतो तेव्हा होणारे दुःख दोन्हीकडे सारखेच!

विसाव्या शतकात मैदानी खेळांनाही शिस्त आली. १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांच्या चौकटीत बसवले. बडोद्याला मजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' काढून देशी खेळांची नोंद केली. आमचा हुतूतू कबड्डी होऊन १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेला आणि सुवर्णपदक घेऊन आला. खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली. पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही चषक भारताने जिंकले. धुळीतून उठलेल्या खेळाचे हे वैभव पाहून ऊर भरून येतो. ज्यांनी नियम लिहिले, मोजमापे ठरवली, त्यांचे उपकार मोठे आहेत.

पण ही नियमांची पुस्तके वाचताना मला एका गड्याची आठवण येत राहिली. तो कोणत्याच पुस्तकात नाही. तो म्हणजे कच्चा लिंबू.

प्रत्येक खेळात एक कच्चा लिंबू असे. कोणाचे तरी चार-पाच वर्षांचे धाकटे भावंड हट्ट धरून मागे येई. त्याला घेतले तर डाव मोडणार, नाही घेतले तर ते घरी जाऊन आईला सांगणार. या पेचावर मुलांनी तोडगा काढला तो असा की त्याला खेळात घ्यायचे, पण धरायचे नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद झाला तरी बाद नाही. तो सगळीकडे धावतो, मधेच पडतो, चुकीच्या वेळी ओरडतो, आणि आपण खेळलो असे समजून घरी जातो. आणि एक दिवस कोणाच्या लक्षात येण्याच्या आत तो पक्का होतो. सगळे नियम त्याला येतात. कोणी शिकवले, हे त्यालाही सांगता येत नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. विटीदांडू मला आपोआप आला असे जे मी म्हणत होतो, ते तितकेसे खरे नव्हते. दोन वर्षे मी वाड्यातल्या मुलांचा कच्चा लिंबू होतो. दांडूने मोजणारा मोठा गडी पुढे, आणि मागे मी, त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणत जाणारा. माझ्या मुलाच्या वाट्याला हे आले नाही. आम्ही शहरात आलो. त्याचे सवंगडी त्याच्याच इयत्तेतले, त्याच्याच वयाचे. पुढे क्रिकेटच्या शिबिराला घातला, तिथेही गट वयावर पाडलेले. त्याला धाकटे म्हणून मागे धावायला कोणी मोठे नव्हते, आणि मोठे झाल्यावर सांभाळून घ्यायला कोणी धाकटे नव्हते. कच्चा लिंबू व्हायलाच त्याला जागा मिळाली नाही. साखळीतली ती एक काडी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत निसटली, आणि विटी विहिरीतच राहिली.

* * *

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी जुन्या झाडूचा लाकडी दांडा कापला. हातभराचा दांडू झाला, आणि उरलेल्या तुकड्याची वीतभर विटी. टोके तासताना बोट कापले, त्यावर सूनबाईंनी हळद दाबली आणि बोलणीही दिली. गाड्या उभ्या करण्याच्या जागेपलीकडे, काचा आणि डोळे यांच्यापासून बेताने दूर, मुलांनी खळगा केला. समोर कोणी उभे राहायचे नाही, विटी उडाली की तोंड फिरवायचे, एवढे दोन नियम मी आधी घालून दिले. बाकीचे त्यांनी आपसांत भांडून ठरवले.

नातवाने आपल्या बापालाही ओढून आणले. त्याने तीन वेळा दांडू फिरवला, तिन्ही वेळा विटी जागची हलली नाही. मुले खो खो हसली. अखेर नातवाने निकाल दिला, "बाबा कच्चा लिंबू!" बेचाळीस वर्षांच्या त्या कच्च्या लिंबाने तो मुकाट्याने मान्य केला, आणि मोजणी सुरू झाली तेव्हा तो दांडूच्या मागे मागे चालू लागला.

"वकट, लेंड, मूंड, नाल…" आणि सगळे थांबून माझ्याकडे पाहू लागले. पुढचा आकडा मला अजूनही आठवत नव्हता.

ओवाळायला आलेली माझी थोरली बहीण कडेला खुर्चीवर बसली होती. तिला विटीदांडू कधी कोणी खेळू दिला नव्हता. मुलींनी ओट्यावर बसून सागरगोटे खेळावेत अशी घरची शिस्त. तिथे बसल्या बसल्या ती आमचे डाव मोजीत असे, हे मला साठ वर्षांनी कळले.

"आर रे, आर!" ती म्हणाली. "नालच्या पुढे आर. विसरलास होय?"

तेलुगूत आरु म्हणजे सहा. मग मधला पाच कुठे गेला? वाटेत कधीतरी, कुठल्यातरी गावातल्या पोराने खाल्ला असेल. मी ते बोललो नाही. नातवाने "आर!" म्हणून दांडू पुढे टाकला होता, आणि त्याच्या मागून त्याच्या बापाने "आर" म्हटले होते.